रंगाचा रकाना

त्यांच्या घरी पाहुणा आला की पाण्याचा पेला हातात पडायच्या आधीच त्याला बैठकीतल्या काचेच्या टाकीसमोर उभं केलं जायचं. टाकीत पांढरी रेती, चार ओबडधोबड दगड आणि मधल्या दगडावर मुठीएवढा एक जिवंत प्रवाळ. पाहुणा काही बोलायच्या आत प्रश्न यायचा, "सांगा, कोणता रंग दिसून राह्यला?"

पाहुणा म्हणायचा, "हिरवा."

"पक्का हिरवा का कच्चा?"

"पक्का, पक्का."

मग ते खुर्चीवरची लांब वही उघडत. त्या वहीला ते रोजनामचा म्हणत. त्यात तारीख, पाण्याचं तापमान, खाराचा आकडा, किती खाऊ घातलं असे रकाने आखलेले होते आणि शेवटचा रकाना रंगाचा. त्यात रंग आणि रंग सांगणाऱ्याचं नाव लिहून झालं की मगच ते म्हणत, "बसा ना जी. उभे काऊन?"

हे माझे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आंध्रातल्या मंचेरियलमध्ये मी तीन वर्षं त्यांच्याकडे भाड्याने राहिलो. त्यांना मी काका म्हणत असे. ते मला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत 'सर' म्हणाले. त्या वेळी मी जेमतेम बावीस वर्षांचा होतो आणि मला सर म्हणणारं वर्गाबाहेरचं दुसरं कोणी नव्हतं.

माझं गाव तामसीकडचं. वडील सालदार होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. आदिलाबादला राहून प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालो आणि मंचेरियलच्या एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. तेलुगू घरमालक पहिल्यांदा 'इंटि पेरू' म्हणजे आडनाव विचारायचे आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. मराठी घरमालक आडनाव सरळ विचारत नसत. गाव विचारत, मग गावातला मोहल्ला विचारत, आणि मग त्यांचीही खोली कालच गेलेली असे. आठ दिवस मी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये काढले.

नवव्या दिवशी या घराचं दार वाजवलं. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हायड्रोमीटर वाचता येते का?"

"येतो," मी म्हणालो.

"वाचून दाखवा."

त्यांनी काचेच्या उंच भांड्यात टाकीतलं पाणी घेतलं, त्यात खार मोजायची काचेची नळी सोडली. पाणी आत ओढल्यासारखं काठाला चढतं, म्हणून आकडा वरच्या कडेला वाचायचा नाही, खालच्या पातळीला वाचायचा, हे मला माहीत होतं. मी वाकून आकडा सांगितला.

"कवा येता राहायले?" ते म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. मी खोलीत बुद्धाची तसबीर लावली तेव्हा खिळा ठोकायला हातोडी त्यांनीच आणून दिली.

काका कोळशाच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं पंपावर होते. मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. मूळ राजुऱ्याकडचे. मुलबाळ नव्हतं. काकूंचा भाऊ मद्रासला रेल्वेत होता. मद्रासहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या मंचेरियलला थांबायच्या. त्यामुळे समुद्राचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून, ओळखीच्या माणसाच्या सीटखाली ढकलून, मंचेरियलपर्यंत आणता येत होतं. प्रवाळही तसेच आले, ओल्या फडक्यात गुंडाळून, बादलीत. पाच आले होते. एक गाडीतच मेला. तीन पहिल्या उन्हाळ्यात पांढरे पडून संपले. त्यांचे सांगाडे काकूंनी शोकेसमध्ये काचेच्या बाहुलीशेजारी मांडले होते. माझ्या वेळी एकच उरला होता.

काकूंना प्रवाळ म्हणजे अंगठीतलं लाल पोवळंच वाटलं होतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "मले वाटलं बाई, सोनाराच्या कामाचं काई तरी असन. निघालं काय, तर जितं जनावर! आन् तेही खाते."

खायला घालणं हा त्या घरातला मोठा सोहळा होता. आठवडी बाजारातून सुकट आणायची, ती खलबत्त्यात कुटायची, धोतराच्या फडक्यातून चाळायची आणि टाकीतल्याच पाण्यात कालवायची. तो प्रवाळ बाहेरून मधमाशीच्या पोळ्यासारखा होता आणि पोळ्याच्या प्रत्येक घराला एक तोंड. दिवसभर तोंडं मिटलेली. दिवेलागणीला त्यांतून दोऱ्यासारखे बारीक हात बाहेर येत. ते आले की काका हवेचा पंप बंद करीत, शाईच्या ड्रॉपरने एकेका तोंडावर एकेक थेंब सोडत आणि पुटपुटत, "घे. तू घे. तुले भेटलं ना? तू घे." घरभर सुकटीचा वास. काकू पदर नाकाला लावून मला म्हणायच्या, "मास्तर, लग्नाले तीस वर्सं झाले, या माणसानं मले कवा एक घास नाई देल्ला."

"तुले दोन हात हायेत," काका म्हणायचे.

मंचेरियलचा उन्हाळा माहीत असणाऱ्याला सांगायला नको. त्या घरात कूलर एक होता आणि त्याचं तोंड टाकीकडे होतं. नवराबायको बाहेरच्या ओसरीत, ओली चादर अंगावर घेऊन झोपत. वीज गेली की काका सायकलच्या पंपाला नळी लावून पाण्यात हवा मारत बसायचे. समोर घड्याळ ठेवून, खाणीत असते तशी पाळी लावून. पहिली पाळी त्यांची, दुसरी काकूंची, तिसरी माझी. मी शाळेतून आलो आणि वीज नसली तर दारातच आवाज यायचा, "सर, तुमची पाळी सुरू झाली. पाच मिनिटं लेट हा तुमी." बर्फाच्या पिशव्या, मातीच्या सुरया, आटलेल्याच्या भरतीला बॅटरीवाल्याकडचं शुद्ध पाणी. एवढं सगळं कशासाठी, असं मी त्यांना तीनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, "रिकामा माणूस हावो, काई तरी पायजेच." दुसऱ्यांदा म्हणाले, "समुद्राची सवय आपल्याकडच्या माणसाले असली पायजे." तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, जणू प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारला होता. आजही या तिन्हींपैकी खरं कोणतं ते मला ठरवता आलेलं नाही.

मी राहायला गेलो तेव्हा तो प्रवाळ खरोखर हिरवा होता. प्रत्येक तोंडाभोवती पोपटी कडं. ट्यूबलाइट लागली की तो आतून पेटल्यासारखा दिसायचा. आमच्या कॉलेजात फॉर्मालिनच्या बरणीत जो प्रवाळ होता तो पांढराफट्ट होता. परीक्षेत त्याचं चित्र काढून मी गुण मिळवले होते, पण त्याला रंग असतो हे मला या घरात कळलं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सणाच्या सुमाराला मला वाटलं की रंग उतरतोय. आधी वाटलं, ट्यूबलाइट जुनी झाली असेल. मग वाटलं, आपलेच डोळे. पण दसऱ्यापर्यंत शंका राहिली नाही. पोपटी कडी विझली होती आणि सगळा प्रवाळ चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झाला होता.

काका रोज सकाळी विचारायचे, "सर, कोणता रंग?"

आणि मी म्हणायचो, "हिरवा."

असं का म्हणायचो, हे नीट सांगायचा प्रयत्न करतो. आमच्या गावाकडे कोणाच्या दारात बांधलेल्या बैलाला रोड म्हणत नाहीत. बरगड्या दिसत असल्या तरी म्हणायचं, "बरा हाय." धन्याला दिसतच असतं, आपण काय सांगायचं? शिवाय मला वाटायचं की काका माझी परीक्षा घेताहेत. माणूस दिवसातून दहा वेळा ज्याच्यासमोर बसतो त्याचा रंग त्याला माहीत नसेल का? आणि खरं सांगायचं तर, या माणसाने मला आडनाव न विचारता घर दिलं होतं. त्याच्या लाडक्या वस्तूला तपकिरी म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. पोस्टमन हिरवा म्हणायचा. पलीकडचे निवृत्त मास्तर हिरवा म्हणायचे. काकूही स्वयंपाकघरातून न पाहताच "हिरवाच हाय जी" म्हणून ओरडायच्या.

"सगळे पक्का हिरवा म्हणून राह्यले," काका खुश होऊन सांगायचे. "म्हंजे खाणं अंगी लागून राह्यलं."

आणि ते खाणं वाढवायचे. आठवड्यातून दोनदाचं एक दिवसाआड झालं, मग रोज, मग सकाळ-संध्याकाळ. सुकटीच्या जोडीला अंड्याचा पिवळा बलक आला. पाणी पिवळसर दिसायला लागलं. काचेवर बुळबुळीत थर धरायला लागला, तो काका घासून काढायचे आणि दोन दिवसांत पुन्हा धरायचा.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी त्यांनी मला घाईने हाक मारली. प्रवाळाच्या खालच्या कडेला बोटभर जागी मांस मागे सरकलं होतं आणि आतलं पांढरं हाड उघडं पडलं होतं. काकांच्या चेहऱ्यावर मी इतकी घाबरगुंडी कधी पाहिली नव्हती.

"सर, हे पांढरं मले दिसून राह्यलं. रंग तर पक्का हाय म्हंता सगळे. खाते बी. मंग अंग काऊन सोडून राह्यलं? तुमी शिकले हा. हा शेवटचा हाय. हा गेला तर मी दुसरा नाई आणत, सांगून ठेवतो."

'हे पांढरं मले दिसून राह्यलं' यातला 'मले' मला खटकला, पण का खटकला ते कळलं नाही. त्या रविवारी मी बसने आदिलाबादला गेलो, माझ्या जुन्या प्राध्यापकांच्या घरी. त्यांनी कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. त्यात दीड पान माझ्या कामाचं होतं. प्रवाळाच्या अंगात अगदी सूक्ष्म शेवाळ राहतं, ते तपकिरी असतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाण्यात उष्टं-खरकटं साचलं, उजेड कमी पडला, की हे शेवाळ फार वाढतं आणि प्रवाळाचा स्वतःचा रंग त्याखाली झाकला जातो. म्हणजे तपकिरी होणं हीच पहिली सूचना होती. ती पोळ्यालाच मिळाली होती. ती मला दिसली होती. आणि मी रोज सकाळी तिच्यावर 'हिरवा' म्हणून झाकण घातलं होतं.

परत आलो तेव्हा काका बाजारात गेले होते. काकू ओसरीत मिरच्या निवडत होत्या, पिकलेल्या एकीकडे, हिरव्या एकीकडे. मी म्हणालो, "काकू, प्रवाळ तपकिरी झालाय, काकांना खरंच कळलं नाही का?"

त्यांचा हात थांबला. "त्याइले कसं कळन, मास्तर? त्याइले हिरवं आन् मातकट एकच दिसते. लाल बी तसंच. ह्या मिरच्या मी त्याइले निवडू देत नाई, ते याच्यासाठीच." आणि मग हळू आवाजात सांगितलं. लग्नानंतर काका रेल्वेत इंजिनावर लागणार होते. सिकंदराबादला डॉक्टरने ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि त्यातला आकडा वाचायला सांगितलं. काकांना आकडा दिसलाच नाही. परत आले आणि खाणीत लागले. "तिथं सगळं काळंच असते ना. कोणाले समजलं नाई. ते बी कोणाले सांगत नाईत. विचारतेत, मंग आपण चांगलं सांगायचं. नाराज काऊन करायचं?"

मग हा माणूस हिरव्या रंगासाठी कूलर का लावतो, हा माझा प्रश्न त्यांनी ऐकला, आणि त्याही गोंधळल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "मद्रासले भावाकडे गेलो तवा एका काचेत असं हिरवं पाह्यलं मी, आन् वरडलीच, 'अहो, पाहा तं!' ते काचेकडे नाई, माझ्याच तोंडाकडे पाहत राह्यले. तवापासून हे याड. मले नाई समजत, बापा."

काका आले. मी त्यांना बसायला सांगितलं आणि उभ्यानेच बोललो. "काका, तो हिरवा नाही. तपकिरी आहे. पोळ्यापासून."

त्यांनी रोजनामचा उघडला, पोळ्याचं पान काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले. "पोस्टमन, हिरवा. सर, हिरवा. मास्तर, पक्का हिरवा. सर, हिरवा. सर, हिरवा. घरची, हिरवा. सर, हिरवा." एकही पान त्यांनी सोडलं नाही. मी उभाच होतो. काकू आत निघून गेल्या.

मग ते म्हणाले, "सर, मी पंपावर होतो. पाणी खाली, पंप वर. वरच्याले पाणी दिसत नाई. खालचा माणूस घंटी मारते, पाणी इतकं चढलं म्हणून, त्या घंटीवर वरचा पंप चालवते. समजा वरच्याले बरं वाटावं म्हणून खालच्यानं घंटीच नाई मारली, तर काय होईन?"

मला उत्तर माहीत होतं.

"अठ्ठावीस वर्सं कोणी मले खोटी घंटी नाई मारली," ते म्हणाले. "माझ्याशी भांडण असलेल्यानं बी नाई."

त्यांनी मला घर सोडायला सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. उलट पुस्तकात काय लिहिलंय ते विचारलं, मी सांगितलं ते सगळं लिहून घेतलं आणि त्याच दिवसापासून अमलात आणलं. पंधरा दिवस एक थेंबही नाही. मद्रासहून पाण्याचे कॅन मागवले आणि रोज थोडं थोडं पाणी बदललं. ट्यूबलाइट काढून पाहिल्या तर त्यांवर कोळशाची बारीक काजळी बसली होती. मंचेरियलमध्ये ती सगळ्यांवर बसते. त्या रोज पुसायच्या ठरल्या. पंधरा दिवसांनी आठवड्यातून एकदा, एका तोंडाला एक थेंब, आणि अर्ध्या तासाने उरलेला चोथा नळीने ओढून बाहेर.

"उपाशी नाई ना मरणार?" त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हणालो, "उजेडावर जगेल, असं लिहिलंय." मला स्वतःला खात्री नव्हती. आमच्या घरात उजेडावर कोणी जगलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि मला रंग विचारणं बंद झालं. मलाच नाही, कोणालाच विचारत नसत. पाहुणे आले की सरळ बसत. रंगाचा रकाना रोज कोरा. मी पाळी करत होतो, पाणी ओतत होतो, आकडे सांगत होतो, ते लिहून घेत होते. 'सर' म्हणणंही सुरूच होतं. पण रकाना कोरा होता.

पांढरं पुढे सरकायचं थांबलं. ते त्यांना स्वतःला दिसत होतं. होळी झाली, उन्हं तापायला लागली, कूलर सुरू झाला. एका सकाळी शाळेत निघताना मी वाकलो तर वरच्या बाजूच्या एका तोंडाशी, तांदळाच्या दाण्याएवढं, पोपटी काहीतरी होतं.

"काका, एका तोंडाजवळ हिरवं आलंय."

ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "बरं."

मी म्हणालो, "खरंच आलंय."

"तुमी याच्या आधी बी खरंच म्हणत होते, सर."

 तेवढ्यात गल्लीतून भाजीवाली चालली होती. डोक्यावर टोपली, नेहमीची नव्हती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काका उठले, चप्पल न घालताच बाहेर गेले आणि तिला आत घेऊन आले. ती बाई टोपली उतरवून टाकीसमोर संशयाने उभी राहिली. माझा हात धरून काकांनी मला मागे सारलं, मी खुणेने काही सुचवू नये म्हणून. तेलुगूत तिला विचारलं, "इदि ए रंगु, अम्मा?" हा कोणता रंग, बाई?

ती वाकली. बराच वेळ पाहिलं. मग काचेवर बोट टेकवून म्हणाली, इथे आकुपच्च. म्हणजे पानासारखं हिरवं. आणि हात फिरवून म्हणाली, बाकी सगळा चिखल.

मग तिने काकांकडे पाहिलं आणि विचारलं, "एंदुकु सारू, मीकु कनबडदा?" का हो साहेब, तुम्हाला दिसत नाही का?

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. 

"कनबडदम्मा," काका म्हणाले. नाही दिसत, बाई.

तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. भेंडी घेणार का, म्हणून तिने विचारलं. काकूंनी अर्धा किलो घेतली.

ती गेल्यावर काकांनी रोजनामचा काढला. रकान्यात लिहिलं, 'एका तोंडाशी हिरवा, बाकी चिखल. भाजीवाली.' पेन बंद केलं, पुन्हा उघडलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "उद्यापासून तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून आंघोळ केली आणि टाकीसमोर उभा राहिलो. काल दिसलं होतं ते एक तोंड स्पष्ट हिरवं होतं. पण त्याच्या शेजारच्या तोंडाशी काहीतरी होतं. डावीकडून पाहिलं तर हिरवट, समोरून पाहिलं तर तपकिरी. मी डोळे मिटून उघडले. ट्यूबलाइट बंद करून पाहिलं, लावून पाहिलं. मला इतकं खरं सांगायचं होतं की काही सांगताच येईना. शाळेची वेळ होत आली. काका वही घेऊन थांबले होते, घाई करत नव्हते.

"काका," मी शेवटी म्हणालो, "दुसऱ्याचं मला समजत नाही. हिरवंही वाटतं, मातकटही वाटतं."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे ते इतके निरखून कधी पाहत नसत.

"असंच दिसते का तुमाले बी?" ते म्हणाले. "मले जलमभर असंच दिसते." आणि वाकून, रुळलेल्या अक्षरात, रकान्यात लिहिलं : 'सरले समजत नाही.'